मानेतली गाठ: सुईने मिळणारा पुरावा



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याबद्दल त्यांचे जुने रुग्ण अजून एक गोष्ट सांगतात. कुठल्याही दुखण्यासाठी गेलं तरी ते आधी मागे उभे राहून दोन्ही हातांनी मान चाचपायचे आणि मगच नाडी पाहायचे. त्यांच्या नावाने बोलायचं तर मानेतल्या गाठीवरच बोलावं, असं मला वाटलं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्णाची आणि माझी ओळख बहुतेक वेळा काचपट्टीवरच होते. पण एक तपासणी अशी आहे, की तिच्यासाठी मला खुर्चीवरून उठून रुग्णाच्या मानेला स्वतः हात लावावा लागतो. दवाखान्यात तिला ‘एफएनएसी’ म्हणतात आणि रुग्ण म्हणतात ‘सुईची तपासणी’. मानेतल्या गाठीचा टीबी ओळखण्यासाठी तिच्याइतकी स्वस्त, सोपी आणि सुरक्षित वाट दुसरी नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. गाठीचा टीबी अंदाजाने ठरवू नये, कारण पुरावा मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. आणि सुईतून आलेला थेंब नुसता सूक्ष्मदर्शकाखाली पाहून संपवू नये. त्यातला वाटा जंतूच्या तपासणीला गेलाच पाहिजे.

आपल्या अंगात शेकडो लसिकाग्रंथी असतात. मानेत, काखेत, जांघेत आणि छाती-पोटात खोलवरही. शरीरात शिरलेले जंतू या ग्रंथींत अडवले जातात. पायाला काटा रुतून पिकला की जांघेत अवधाण येतं, दात किडला की जबड्याखाली गाठ येते, लहान मुलांच्या डोक्यात खरूज झाली की मानेच्या मागे मण्याएवढ्या गाठी हाताला लागतात. यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात आणि मूळ कारण गेलं की दोन-तीन आठवड्यांत बसतात. एक सेंटिमीटरपेक्षा मोठी झालेली, महिना झाला तरी न बसलेली आणि विशेष म्हणजे न दुखणारी गाठ मात्र दाखवलीच पाहिजे. न दुखणारी हे मुद्दाम म्हणतो, कारण आपल्याकडे दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढायची रीत आहे आणि टीबीची गाठ सुरुवातीला दुखतच नाही.

ती वाढते कशी, तेही पाहू. पहिल्यांदा सुट्या, टणक गाठी लागतात. मग त्या फुगून एकमेकींना आणि आसपासच्या भागाला चिकटतात. पुढे मधला भाग मऊ पडतो, पू होतो. तो पू आतलं आवरण फोडून कातडीखाली येऊन साठतो, तेव्हा वर छोटा फुगवटा, खाली मोठी पोकळी आणि मध्ये अरुंद वाट अशी रचना होते. शेवटी कातडी फुटते आणि महिनोन्‌महिने वाहणारी जखम मागे राहते. या पाच पायऱ्या जोन्स आणि कॅम्पबेल यांनी १९६२ मध्ये मांडल्या आणि आजही त्या तशाच शिकवल्या जातात. पाचवी पायरी ज्यांनी गावात पाहिली असेल त्यांना ‘गंडमाळ’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मानेवर सुरकुतलेले, ओढलेले व्रण आणि ते झाकायला बारा महिने गुंडाळलेला पदर किंवा मफलर.

हा रोग फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा विचार एकाच अध्यायात येतो. मला त्या मांडणीचं फार मोल वाटतं. नुसत्या हाताला लागणारी सूज ही साधी गाठ, पिकून फुटणारी गाठींची माळ, मांसाचं वाढतं अर्बुद की गळ्यापुढचा गलगंड, हे वेगळं काढणं वैद्याला तेव्हाही कठीण जात होतं म्हणून ती चारही एका ठिकाणी आली. आज माझ्या टेबलावर येणाऱ्या चिठ्ठीवर डॉक्टर जेव्हा लिहितात, ‘टीबी की लिम्फोमा (म्हणजे लसिकाग्रंथींचाच कर्करोग) की दुसरीकडून आलेला कर्करोग?’ तेव्हा प्रश्न तोच असतो.

युरोपात या रोगाला राजाच्या स्पर्शाने गुण येतो अशी श्रद्धा होती. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स याने आपल्या कारकिर्दीत नव्वद हजारांहून अधिक रुग्णांना हात लावला, अशी दरबारी नोंद आहे. पुढे इंग्रजी शब्दकोशकार म्हणून गाजलेला सॅम्युअल जॉन्सन अडीच वर्षांचा असताना, १७१२ मध्ये, त्याला लंडनला नेऊन अ‍ॅन राणीपुढे उभं केलं. राणीने स्पर्श केला, गळ्यात घालायला सोन्याचं पदक दिलं. गाठी काही गेल्या नाहीत. मानेवरचे व्रण त्याने जन्मभर वागवले.

मग इतकी शतकं लोकांचा विश्वास टिकला कसा? कारण या रोगाचा स्वभावच फसवा आहे. टीबीची गाठ आपोआप थोडी बसते, पुन्हा वर येते, कधी कधी औषधाशिवाय सुकूनही जाते. ज्याची गाठ स्पर्शानंतर योगायोगाने बसली तो गावभर सांगत फिरला आणि ज्याची फुटली तो घरी बसला. ही फसवणूक आजही चालू आहे, फक्त राजाच्या जागी गोळ्यांची पट्टी आली आहे. गाठीला आठ दिवस अँटिबायोटिक देऊन पाहणं चूक नाही. पण त्यासाठी लेव्होफ्लॉक्सासिनच्या जातीचं औषध दिलं, तर घोटाळा होतो. हे औषध टीबीच्या जंतूवरही थोडंफार चालतं. गाठ तात्पुरती मऊ पडते, रुग्ण खूश होतो, डॉक्टर निश्चिंत होतात आणि नंतर केलेल्या तपासणीत जंतू सापडणं अवघड होऊन बसतं.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगाला दाखवला. रोगाचं मूळ कळलं, पण हातात औषध नव्हतं. त्यानंतर पाचच वर्षांनी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, अमेरिकेतून डॉक्टरीची पदवी घेऊन आलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी क्षयाने गेल्या. स्ट्रेप्टोमायसिन जगापुढे यायला १९४४ उजाडावं लागलं. आज आपल्याकडे औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. म्हणूनच निदानाची जबाबदारी वाढली आहे.

आता मुख्य अडचण. फुफ्फुसाच्या टीबीत पोकळी झाली असेल तर तिथे जंतूंची प्रचंड पैदास होते आणि बेडक्यात ते सापडतात. गाठीत तसं नसतं. तिथे जंतू मोजके असतात आणि शरीराच्या पेशींनी त्यांना घेरलेलं असतं. काचपट्टीवर जंतू दिसायचा तर एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. म्हणजे रोग असूनही जंतू न दिसण्याचा संभव गाठीच्या टीबीत बराच. छातीचा एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ असतो. रक्तातला ईएसआर वाढलेला असला तरी तो शंभर कारणांनी वाढतो. माँटू तपासणीत हातावर टणक सूज आली तर जंतूशी कधीतरी गाठ पडली होती एवढंच कळतं, आणि आपल्या देशात ती असंख्य लोकांची पडलेली असते. थोडक्यात, बाहेरून घेतलेली कुठलीही साक्ष पुरी पडत नाही. साक्ष गाठीच्या आतच शोधावी लागते.

आत शिरायची जुनी वाट म्हणजे शस्त्रक्रिया. पूर्वी आणि काही ठिकाणी अजूनही, मऊ झालेल्या गाठीला चीर देऊन पू काढतात. टीबीच्या गाठीत हे टाळावं, कारण ती चीर बुजत नाही आणि वाहतच राहते. अख्खी गाठ काढणं अधिक शास्त्रशुद्ध. पण त्याला शस्त्रक्रियागृह लागतं, भूल लागते, पैसे लागतात आणि मानेवर व्रण राहतो. मानेत वरवर दिसणाऱ्या गाठीशेजारूनच खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस जाते, तिचीही काळजी घ्यावी लागते.

गाठीत सुई घालून पाहण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीची. ग्रेग आणि ग्रे या डॉक्टरांनी १९०४ मध्ये युगांडात निद्रारोगाच्या रुग्णांच्या मानेतल्या गाठी सुईने टोचून त्यातल्या द्रवात रोगाचे परजीवी दाखवले. पुढे १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये हेस मार्टिन हे शल्यचिकित्सक आणि एडवर्ड एलिस यांनी कर्करोगाच्या गाठींसाठी ही पद्धत नेमकेपणाने मांडली. त्यांची सुई चांगली जाड, १८ गेजची होती. अमेरिकेत मात्र ती रुजली नाही. एवढ्याशा नमुन्यावर विसंबायचं कसं, असं पॅथॉलॉजिस्ट मंडळींना वाटे आणि सुईच्या वाटेने कर्करोग पसरेल अशी धास्ती होती. तिला खरं रूप दिलं ते स्वीडनने. स्टॉकहोममध्ये फ्रान्झेन, झायिचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतर बारीक सुई वापरली आणि हजारो रुग्णांवर ती पारखली. भारतात ती १९७०–८०च्या दशकांत पसरली आणि इथे तिला आपलं काम सापडलं. तिकडे ती कर्करोगासाठी वाढली होती, इकडे तिच्यापुढे टीबीच्या गाठींची रांग लागली.

प्रत्यक्ष तपासणी कशी होते ते जरा सावकाश सांगतो, कारण भीती बहुतेक वेळा न पाहिलेल्या गोष्टीची असते.

एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर येते. आपल्याकडे गाठीच्या टीबीत तरुण मुली आणि बायकांचं प्रमाण जास्त दिसतं. मानेच्या उजव्या बाजूला, कानाखाली, दोन-तीन गाठी आहेत. चार महिने झाले. आई आधी मला विचारते, ‘डॉक्टर, सुई टोचली की गाठ पसरते म्हणतात, खरं का?’ आणि मुलगी बाहेर गेल्यावर हळूच विचारते, ‘हिच्या लग्नाचं बघतोय, कुणाला कळणार तर नाही ना?’ या दोन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही. पहिलं उत्तर: टीबीची गाठ सुईने पसरत नाही, आणि सुई न लावता तशीच सोडली तर मात्र फुटू शकते. दुसरं उत्तर: तपासणीचा कागद तुमच्या हातात देईन, आणखी कुणाच्या नाही. टीबी निघाला तर सरकारी यंत्रणेला कळवणं २०१२पासून कायद्याने बंधनकारक आहे, पण ती नोंद औषधासाठी आणि पाठपुराव्यासाठी असते, शेजारीपाजारी वाचून दाखवण्यासाठी नसते.

मग तिला आडवं झोपवायचं, खांद्याखाली छोटी उशी द्यायची, म्हणजे मान ताणली जाते आणि गाठ वर येते. सगळ्या गाठी चाचपायच्या आणि त्यातली योग्य ती निवडायची. ती नेहमी सर्वांत मोठीच असते असं नाही. स्पिरिटने कातडी पुसून डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत गाठ पक्की धरायची. ही पकड सुटली तर गाठ निसटते आणि सुई शेजारच्या स्नायूत जाते. अर्धं कौशल्य या डाव्या हातात आहे. सुई २३ गेजची, निळ्या टोपणाची, साधारण सहा दशांश मिलिमीटर जाडीची, रक्त काढायच्या नेहमीच्या सुईपेक्षाही थोडी बारीक. त्यामुळे भूल द्यावी लागत नाही. सुई आत गेली की सिरिंजचा दट्ट्या ओढायचा आणि तिला दोन-तीन दिशांना पुढेमागे करायचं. बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडायचा, नाहीतर मिळालेला थेंब सिरिंजमध्ये उडून जातो. कित्येकदा मी सिरिंज लावतही नाही. नुसती सुई घालून फिरवली तरी पेशी आपोआप तिच्या नळीत चढतात आणि रक्त कमी येतं. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. नंतर कापसाने दोन-चार मिनिटं दाबून धरलं की झालं. गाठ मऊ होऊन कातडी लाल झाली असेल, तर सुई थेट त्या लाल जागी कधीच घालू नये. बाजूच्या निरोगी कातडीतून तिरपी न्यावी, म्हणजे टोचल्या जागेतून पू वाहत राहत नाही.

सुईतून काय येतं ते नुसत्या डोळ्यांनीही सांगतं. कधी नुसतं रक्ताळ पाणी येतं, तर कधी पिवळट-पांढरा, चक्क्यासारखा घट्ट पदार्थ. हा दुसरा दिसला की माझं मन अर्धं टीबीकडे झुकतं. पण मी चिठ्ठीवर तसं लिहीत नाही.

थेंब काचपट्टीवर पसरायचा. एक काच वाऱ्यावर वाळवायची, ती जिम्सा रंगासाठी. एक ओली असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवायची, ती पॅपच्या रंगासाठी. आणि एक राखून ठेवायची झील-नील्सनसाठी. या शेवटच्या रंगात लाल कार्बोल फुक्सिन तापवून जंतूच्या मेणचट आवरणात मुरवतात, मग आम्लाने धुतात. बाकी सगळ्यांचा रंग उतरतो, टीबीच्या जंतूचा उतरत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर दोन-चार मायक्रॉनची, किंचित वाकलेली लाल काडी. तेलाच्या भिंगाखाली शंभर-शंभर क्षेत्रं धुंडाळल्यावर ती एक दिसली की थकवा विसरायला होतो.

पहिल्या दोन काचांवर मी पेशी शोधतो. टीबीचा जंतू शिरला की शरीरातल्या भक्षक पेशी रूप बदलतात. लांबट होतात, एकमेकींना बिलगून पुंजका करतात. त्या पुंजक्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. त्यात कधी अनेक केंद्रकांची मोठी पेशी असते, तिचं वर्णन थिओडोर लांगहान्स यांनी कॉखच्या शोधाच्याही आधी, १८६८ मध्ये केलं होतं. आणि सभोवती मेलेल्या पेशींचा दाणेदार चिखल, म्हणजे मघाचा तो चक्का.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ग्रॅन्युलोमा जितका सुबक, तितके जंतू कमी. कारण तो प्रतिकारशक्तीच्या विजयाचं चिन्ह आहे. उलट काचेवर ग्रॅन्युलोमा नाहीच, नुसता पू आणि मेलेल्या पेशी आहेत, तिथे लाल काड्या सर्वांत जास्त सापडतात. एचआयव्हीच्या रुग्णांत हे विशेष दिसतं. अंगात लढायची ताकदच नसते, मग पुंजके बनणार कुठून? म्हणून ‘नुसता पू आहे, साधा संसर्ग’ असं म्हणून जी काच बाजूला ठेवावीशी वाटते, तिलाच झील-नील्सनचा रंग दिला पाहिजे. मी विद्यार्थ्यांना हे दर वर्षी सांगतो आणि पुढेही सांगत राहीन.

पण काचेवर ग्रॅन्युलोमा दिसला म्हणजे टीबी सिद्ध झाला का? नाही. आपल्या देशात त्याचं पहिलं कारण टीबी आहे हे खरं. पण सारकॉइडोसिस नावाच्या आजारात ग्रॅन्युलोमा होतो, काही बुरशींच्या संसर्गात होतो, टीबीच्या भाईबंद जंतूंमुळे होतो. कर्करोगाच्या जवळच्या गाठीतही कधी कधी सापडतो. हॉजकिन लिम्फोमा तर ग्रॅन्युलोमाच्या आड लपून बसतो. अशा रुग्णाला टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की लिम्फोमाला वाढायला मोकळे महिने मिळतात. उलटही घडतं. किकुची नावाचा एक आजार तरुण मुलींच्या मानेत गाठी आणतो, बरोबर ताप आणतो आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत आपला आपण जातो. त्या मुलीला सहा महिने टीबीची औषधं खावी लागली, तर ती ‘औषधाने बरी झाली’ असंच सगळे म्हणणार.

म्हणून थेंबाची वाटणी. काचा करून झाल्या की सुई आणि सिरिंज थोड्या सलाइनने खंगाळून ते पाणी निर्जंतुक नळीत घ्यायचं. पू असेल तर थोडा जसाच्या तसा घ्यायचा. ही नळी जंतूच्या तपासणीला जाते. तिथे सीबीनॅट यंत्र दोन तासांच्या आत दोन गोष्टी सांगतं: टीबीच्या जंतूचा डीएनए आहे का, आणि त्यावर रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का. जागतिक आरोग्य संघटनेने या तपासणीला २०१० मध्ये मान्यता दिली आणि २०१३ मध्ये फुफ्फुसाबाहेरच्या टीबीसाठीही ती वापरायला सांगितलं. आपल्या सरकारच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांतही गाठीच्या नमुन्यावर पेशींच्या परीक्षणाबरोबर ही तपासणी आणि कल्चर करावं असं आहे. कल्चर म्हणजे जंतू वाढवून पाहणं. टीबीचा जंतू दुप्पट व्हायला पंधरा-वीस तास घेतो, म्हणून त्याला सहा आठवडे लागू शकतात. पण जंतू जिवंत आहे आणि कोणकोणत्या औषधांना दाद देतो, हे तेच सविस्तर सांगतं.

मराठी श्रोत्यांना हे सांगताना मला आनंद होतो, की याच प्रकारची डीएनए तपासणी करणारं ट्रूनॅट हे भारतीय यंत्र गोव्यातल्या कंपनीचं आहे. ते बॅटरीवर चालतं, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही. २०२० मध्ये त्यालाही जागतिक मान्यता मिळाली. जिथे वीज दिवसातून चार वेळा जाते अशा ठिकाणी हे यंत्र ठेवता येतं.

औषधाला दाद देतो का, हा प्रश्न आपल्या राज्यात पुस्तकी नाही. मुंबईत औषधांना न जुमानणाऱ्या टीबीने काय रूप घेतलं आहे, ते २०१२च्या सुरुवातीला हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मांडलेल्या रुग्णांमुळे जगभर गाजलं. तो जंतू फुफ्फुसात असतो तसा गाठीतही असतो. पण फुफ्फुसाच्या रुग्णाचा बेडका वारंवार तपासला जातो आणि गाठीच्या रुग्णाकडे तसं सहज पुन्हा तपासायला काही नसतं. त्याच्या बाबतीत उपचाराआधीचा तो एक थेंब हीच सर्वांत चांगली संधी. ती नुसत्या काचेवर खर्च केली, तर चार महिन्यांनी गाठ वाढल्यावर सगळे चाचपडत बसतात.

सीबीनॅट हा शेवटचा शब्द नाही, हेही सांगायला हवं. कल्चरशी ताडून पाहिलं तर गाठीच्या टीबीतले सुमारे ऐंशी टक्के ते पकडतं. म्हणजे ‘नाही’ आलं म्हणून टीबी नाहीच, असं म्हणता येत नाही. मग काचेवरच्या पेशी, रुग्णाचं वजन, ताप, घरात कुणाला टीबी होता का, हे सगळं एकत्र ठेवून डॉक्टरांनी ठरवायचं. सुईने दोनदा प्रयत्न करूनही उलगडा झाला नाही, किंवा लिम्फोमाची शंका असेल, तर अख्खी गाठ काढून तपासायला कचरू नये. सुईला तिची मर्यादा आहे. लिम्फोमाचा नेमका प्रकार ठरवायला गाठीची सबंध रचना दिसावी लागते.

आणि गाठ काढली तर ती सगळी फॉर्मेलिनमध्ये टाकू नये. माझी ही तक्रार जुनी आहे. मी कुणाचं नाव घेणार नाही, कारण हे एका जागचं दुखणं नाही. शस्त्रक्रियागृहात फॉर्मेलिनची बरणी तयार असते, गाठ निघाली की तीत पडते. फॉर्मेलिनने जंतू मरतात, कल्चरची शक्यता तिथेच संपते, डीएनएचेही तुकडे पडतात. रुग्णाने चीर सोसली, पैसे मोजले आणि निम्मा पुरावा बरणीत मेला. गाठीचे दोन भाग करून एक सलाइनमध्ये टाकायला मिनिटभरही लागत नाही. तुमच्या घरात कुणाची गाठ काढायची असेल, तर शस्त्रक्रियेआधी एवढं एक वाक्य नम्रपणे विचारा: ‘कल्चरसाठी तुकडा सलाइनमध्ये ठेवणार ना?’

एक काळ असा होता की गाठ दाखवायला गेलं की ‘टीबीची रक्ततपासणी’ लिहून मिळायची. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून टीबी सांगणाऱ्या त्या तपासण्या इतक्या चुकायच्या, की २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरूच नका असं सांगितलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. तेव्हा ‘सुई नको, रक्तावरून सांगा’ असा आग्रह कुणी धरू नये.

निदान पक्कं झालं की उपचार साधारण सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. दरम्यान पोषणासाठी सरकारकडून थेट खात्यात रक्कम येते. नोव्हेंबर २०२४पासून ती महिना हजार रुपये झाली आहे. त्या मुलीच्या आईसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती तुम्हीही घरोघर सांगावी अशी. टीबी फक्त गाठीत असेल, फुफ्फुसात नसेल, तर तो खोकल्यातून, ताटवाटीतून कुणाला लागत नाही. म्हणून छातीचा एक्स-रे आणि खोकला असल्यास बेडका तपासून घ्यायचा. तिथे काही नसेल तर तिचं ताट वेगळं करण्याचं काडीचंही कारण नाही. उपचार पुरे झाल्यावर लग्नालाही अडचण नाही.

उपचार चालू असताना काही रुग्णांच्या गाठी वाढतात, नव्या येतात, कधी पू होतो. घरचे घाबरतात आणि औषध बंद करतात किंवा बदलून मागतात. बहुतेक वेळा हा औषध हरल्याचा पुरावा नसतो. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया उसळलेली असते. पण प्रत्येक वेळी तसंच असेल असंही नाही. इथे सुई पुन्हा उपयोगी पडते. गाठीतून पू काढून कल्चरला पाठवायचा. सीबीनॅट इथे फसवू शकतं, कारण ते मेलेल्या जंतूचा डीएनएही ओळखतं. कल्चरमध्ये काही उगवलं नाही तर चालू औषध निर्धास्त पुढे न्यायचं. उगवलं तर ते कोणत्या औषधाला दाद देतं ते पाहायचं. सहा महिन्यांनंतरही एखादी छोटी, टणक गाठ हाताला लागत राहते. ती वाढत नसेल तर तिच्यासाठी औषध लांबवायचं नाही.

या सभेत तालुक्यातले बरेच फॅमिली डॉक्टर बसले आहेत, त्यांना एक विनंती करून थांबतो. सुईच्या तपासणीसाठी रुग्ण पाठवताना चिठ्ठीवर नुसतं ‘नेक नोड, एफएनएसी’ लिहू नका. गाठ किती दिवसांची, किती मोठी, ताप आणि वजन यांचं काय, आधी टीबी झाला होता का, घरात कुणाला आहे का, एचआयव्ही तपासलं का, कोणतं अँटिबायोटिक किती दिवस दिलं, एवढं लिहा. आणि चिठ्ठीच्या खाली ठळक अक्षरांत लिहा: ‘नमुना सीबीनॅट आणि कल्चरलाही पाठवावा.’ नळी आम्ही तयार ठेवू.